नॉर्मल स्कूलच्या पोटी विद्यापीठ

लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने, म्हणजे जगभर ‘यूसीएलए’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाने, २०१९ मध्ये शंभरी साजरी केली. कागदोपत्री हिशोब बरोबर होता. २३ मे १९१९ रोजी राज्यपालांनी एका कायद्यावर सही केली आणि विद्यापीठ जन्माला आलं. पण सही झाली त्या दिवशी इमारती उभ्या होत्या, वर्गांत फळे होते, ग्रंथालय होतं, पगारी अध्यापक होते आणि विद्यार्थीही होते. हे सगळं त्या शहरात १८८२ पासून चाललेल्या एका शाळेचं होतं आणि त्या शाळेत शाळामास्तर घडत असत. शंभरीच्या हिशोबात तिची ३७ वर्षं धरलेली नाहीत. गंमत अशी की ही शाळा ज्या संस्थेची शाखा म्हणून निघाली, त्या सॅन होजेच्या संस्थेने आपलं वय कधी लपवलं नाही. तीही आता विद्यापीठ आहे, पण १८५७ मधल्या आपल्या मास्तरकीच्या वर्गापासून ती वय मोजते आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची सर्वांत जुनी सार्वजनिक उच्चशिक्षण संस्था म्हणून मिरवते. आई खरं वय सांगते आणि लेक चोरते, असा हा उलटा मामला आहे. तो का झाला, हे पाहू लागलं की शिक्षक घडवणाऱ्या शाळेची विद्यापीठं कशी झाली, ही वाढ कुणाच्या बळावर झाली आणि तिची किंमत कुणी मोजली, हा सगळा इतिहास उलगडतो.

या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं आहे. मास्तर घडवणाऱ्या शाळेतून विद्यापीठ निघालं ते शाळेने मास्तरकी सोडली म्हणून नव्हे. शिकवायचं काम नीट करायचं तर एकेक विद्या हाताशी लागते आणि त्या कामापायीच शाळेला एकेक शाखा फुटत गेली. विद्यापीठाचं बीज मास्तरकीतच होतं. ते किती उंच वाढेल हे मात्र बीजाने ठरवलं नाही. ते शहराने, आमदारांनी आणि कायद्याने ठरवलं. आणि वाढल्यावर विद्यापीठाने सर्वांत आधी पाटीवरून पुसला तो ‘शिक्षक’ हाच शब्द.

आधी ‘नॉर्मल स्कूल’ या शब्दाविषयी. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात शिक्षकांच्या प्रशिक्षण शाळेला याच नावाने ओळखत. आज तो शब्द ऐकून इतर शाळा काय ‘अ‍ॅबनॉर्मल’ होत्या की काय, असा विनोद सुचतो. मूळ लॅटिन ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या. लाकूड काटकोनात बसलं की नाही हे ज्यावर ताडून पाहायचं ते साधन. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, ‘एकोल नॉर्माल’ निघाली ती याच अर्थाने: शिकवण्याचा नमुना घालून देणारी, जिच्या मापाने बाकीच्या शाळा जोखाव्यात अशी शाळा. प्रशियातही सरकारी शिक्षक प्रशिक्षणाची घडी बसली होती आणि तिची वर्णनं अमेरिकेत पोहोचली होती. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मॅन यांनी ती कल्पना उचलली. एडमंड ड्वाइट या व्यापाऱ्याने दहा हजार डॉलर देऊ केले, राज्याने तेवढीच भर घातली आणि ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन गावात अमेरिकेतली पहिली सरकारी नॉर्मल स्कूल उघडली. पहिल्या दिवशी तीन विद्यार्थिनी आल्या. त्यांना शिकवायला सायरस पीअर्स नावाचे एकच गुरुजी होते. तीच शाळा पुढे फ्रेमिंगहॅम गावी गेली आणि २०१० पासून फ्रेमिंगहॅम स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते. तीन मुलींच्या वर्गापासून विद्यापीठापर्यंत १७१ वर्षं लागली.

कॅलिफोर्नियातली गोष्ट याहून वेगाने घडली. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी सॅन फ्रान्सिस्को शहर फुगलं होतं. शाळा निघत होत्या, पण शिकवणारे जे मिळतील ते. १८५७ मध्ये जॉर्ज मिन्स यांच्या देखरेखीखाली शहरातल्या शिक्षकांसाठी संध्याकाळी भरणारी नॉर्मल स्कूल सुरू झाली. दिवसा शिकवायचं आणि संध्याकाळी शिकवायला शिकायचं, अशी ती सोय होती. १८६२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती सरकारी केली, १८७१ मध्ये ती सॅन होजेला हलवली. तिथली इमारत १८८० मध्ये आगीत भस्मसात झाली, तेव्हा नवी बांधली आणि तिच्यासाठी घंटा ओतवून घेतली. ‘कॅलिफोर्निया स्टेट नॉर्मल स्कूल, १८८१’ अशी अक्षरं असलेली ती घंटा आजही विद्यापीठाच्या आवारात आहे. यातलं १८५७ हे साल मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे. त्याच वर्षी १८ जुलैला मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. दोन्ही संस्थांचा आरंभ एकाच वर्षीचा, पण दिशा एकमेकींच्या उलट. मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर कायद्याने एकदम विद्यापीठ म्हणूनच जन्मलं. ते स्वतः शिकवत नसे, परीक्षा घेई आणि पदव्या देई. सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्गाला पदवी देण्याचा अधिकार नव्हता; तिथे फक्त शिकवणं होतं. एकीकडे विद्यापीठ होतं आणि वर्ग नव्हता, दुसरीकडे वर्ग होता आणि विद्यापीठ नव्हतं.

इथे पहिला आक्षेप समोर येतो. नॉर्मल स्कूल म्हणजे काही उच्चशिक्षण नव्हे. व्याकरण, अंकगणित, भूगोल, सुलेखन, चित्रकला यांची उजळणी आणि वर थोडीशी शिकवण्याची हातोटी. त्यात विद्यापीठाचं बीज कसलं? आक्षेपात तथ्य आहे. सुरुवातीच्या नॉर्मल स्कूलांत येणारी मुलं-मुली हायस्कूलही पुरतं न शिकलेली असत आणि अभ्यासक्रमाचा बराच भाग प्राथमिक शाळेतलंच पुन्हा घोटून घेण्यात जाई. पण घोटून घेण्याची रीत पाहिली पाहिजे. प्रत्येक नॉर्मल स्कूलला जोडून एक सरावशाळा असे. तिथे गावातली खरीखुरी पोरं शिकायला बसत. प्रशिक्षणार्थी मुलगी टाचण काढून, खडू हातात घेऊन अपूर्णांक शिकवायला उभी राहते. मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले असतात. एवढ्यात एखादं पोर विचारतं की भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा. आजवर तिला रीत पाठ होती आणि तेवढ्यावर भागलं होतं. आता भागणार नाही. उत्तर देण्यासाठी तिला गणिताच्या एक पायरी खाली उतरावं लागतं, आणि पोराला ते कळत का नाही हे समजून घ्यायला त्याच्या मनात डोकवावं लागतं. यातली पहिली गरज शुद्ध गणिताकडे नेते, दुसरी मानसशास्त्राकडे. भूगोल शिकवायचा तर भूशास्त्र लागतं, झाडाचं पान समोर ठेवून पाठ घ्यायचा तर वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा लागते, गाणं शिकवायचं तर संगीताचा अध्यापक लागतो. प्राथमिक शाळेचा मास्तर सगळे विषय शिकवतो, म्हणून त्याला घडवणाऱ्या शाळेला हळूहळू सगळे विषय ठेवावे लागतात. वकिलीच्या किंवा वैद्यकीच्या शाळेला ही गरज कधी पडली नाही. त्या आपापल्या धंद्यात खोल जात राहिल्या. मास्तरांची शाळा मात्र चहूअंगांनी पसरली.

दुसरं बळ होतं येणाऱ्यांचं. नॉर्मल स्कूलांच्या वर्गांत मुलींची संख्या फार मोठी असे, आणि त्यामागचं कारण काही उदात्त नव्हतं. अमेरिकेत सार्वजनिक शाळा झपाट्याने वाढत होत्या आणि बाईला पुरुषापेक्षा बराच कमी पगार देऊन भागवता येत होतं. ‘स्त्रिया जात्याच उत्तम शिक्षिका असतात’ या गोड वाक्याच्या पाठीमागे शाळा-मंडळांची काटकसर होती. पण काटकसरीने उघडलेल्या दारातूनही माणसं आत येतातच. शेतकऱ्याची, सुताराची, छोट्या दुकानदाराची मुलगी, जिला दूरच्या कॉलेजात पाठवणं घरच्यांना परवडणारं नव्हतं आणि पसंतही नव्हतं, ती नॉर्मल स्कूलमध्ये जाऊ शकत होती. जवळ होती, स्वस्त होती, आणि पुढे नोकरीची हमी होती. कुणी म्हणेल की कॅलिफोर्निया विद्यापीठ १८६८ मध्ये निघालं आणि १८७० पासून तिथे मुलींनाही प्रवेश होता; मग दार बंद कुठे होतं? कायद्याने नव्हतं हे खरं. पण ते एकच दार होतं, उत्तरेला बर्कलीमध्ये, लॉस एंजेलिसपासून साडेपाचशे-सहाशे किलोमीटरांवर, आणि आत जायला पक्क्या हायस्कूलचं शिक्षण लागे. दार उघडं असणं आणि उंबऱ्यापर्यंत पोहोचता येणं यांतलं अंतर नॉर्मल स्कूलांनी भरून काढलं. एकदा आत आलेल्या मुलामुलींतल्या सगळ्यांना जन्मभर पहिलीचे वर्ग घ्यायचे नव्हते. कुणाला वर्षभर आणखी शिकायचं होतं, कुणाला साहित्य, कुणाला रसायनशास्त्र. हायस्कूलात शिकवायचं तर पदवी हवी, आणि नॉर्मल स्कूलला पदवी देता येत नव्हती. वर्गातली ही निकड वर्षागणिक वाढत गेली.

लॉस एंजेलिसची शाखा या गोष्टीचा मध्यबिंदू आहे. १८८० च्या जनगणनेत या शहराची वस्ती अकरा हजारांच्या आसपास होती. दक्षिणेकडच्या लोकांनी मागणी लावून धरली, वर्गणी काढून संत्र्याच्या बागेची जागा मिळवली, आणि ऑगस्ट १८८२ मध्ये ६१ विद्यार्थ्यांवर शाळा उघडली. ज्या टेकडीवर ती होती तिला लोक ‘नॉर्मल हिल’ म्हणू लागले. पुढे ती टेकडी उतरवली गेली आणि त्या जागी शहराचं मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. १८८७ मध्ये ही शाखा सॅन होजेपासून सुटी होऊन स्वतंत्र झाली, १९१४ मध्ये व्हर्मांट अ‍ॅव्हेन्यूवरच्या पंचवीस एकरांच्या नव्या आवारात गेली. तोवर शहराचा नूर पालटला होता. रेल्वे आली, तेल सापडलं, सिनेमावाले आले. १९२० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसची वस्ती पावणेसहा लाखांवर गेली आणि तिने सॅन फ्रान्सिस्कोला मागे टाकलं. एवढ्या मोठ्या शहरात सरकारी विद्यापीठ नव्हतं. होती ती फक्त मास्तरांची शाळा. १९१७ मध्ये तिची सूत्रं अर्नेस्ट कॅरोल मूर यांच्याकडे आली. ते पूर्वी याच शहराच्या शाळांचे अधीक्षक होते, नंतर येल आणि हार्वर्डमध्ये शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक. वृत्तपत्रव्यवसायातले एडवर्ड डिक्सन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळावर बसून दक्षिणेची बाजू लढवत होते. ऑक्टोबर १९१७ मध्ये दोघे एकत्र जेवायला बसले आणि नॉर्मल स्कूलच विद्यापीठाच्या हवाली करावी, ही युक्ती त्या टेबलावर पुढे आली. नवं विद्यापीठ मागितलं असतं तर उत्तरेकडच्यांनी ते हाणून पाडलं असतं. चालती शाळा, बांधलेल्या इमारती, शिकवणारी माणसं, असं तयार ताट वाढून पुढे केल्यावर नाही म्हणणं अवघड झालं.

तरी नाकं मुरडली गेलीच. सप्टेंबर १९१९ मध्ये ‘दक्षिण शाखा’ या नावाने वर्ग सुरू झाले तेव्हा कला-विज्ञानाच्या फक्त पहिल्या दोन वर्षांचं शिक्षण द्यायला परवानगी होती. त्या वर्गात सुमारे अडीचशे विद्यार्थी होते. आवारातले बाकीचे हजाराहून अधिक विद्यार्थी ‘टीचर्स कॉलेज’चे, म्हणजे मास्तरकी शिकणारे. विद्यापीठाच्या नावाखाली मोठं धूड शिक्षकांच्या शाळेचंच होतं. कला-विज्ञानाचं रोपटं तिच्या अंगाखांद्यावर वाढत होतं. ‘शाखा’ या शब्दावर कोटी करून तिला ‘डहाळी’ म्हणून हिणवलं जाई. डहाळी मात्र थांबली नाही. तिसरं-चौथं वर्ष आलं, १९२५ मध्ये कला-विज्ञानाच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या, १९२७ मध्ये लॉस एंजेलिसचं नाव विद्यापीठाच्या नावाला जोडलं गेलं, १९२९ मध्ये वेस्टवुडच्या प्रशस्त आवारात मुक्काम हलला, १९३३ मध्ये पदव्युत्तर आणि १९३६ मध्ये डॉक्टरेटची परवानगी मिळाली. १९२७ मध्ये व्हर्मांट अ‍ॅव्हेन्यूच्या त्याच आवारातून राल्फ बंच हा कृष्णवर्णीय विद्यार्थी वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. आजीने वाढवलेला आणि शिकताना झाडलोटीची कामं केलेला हा मुलगा पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचा मध्यस्थ झाला आणि १९५० मध्ये शांततेच्या नोबेलचा मानकरी ठरला. शहरात घराजवळ स्वस्त सरकारी कॉलेज नसतं तर अशा मुलाने कुठे जायचं होतं? पुढे, २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, याच विद्यापीठातल्या संगणकावरून दूरच्या संगणकाला पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ शब्दाची दोन अक्षरं पोहोचली आणि पलीकडचं यंत्र कोलमडलं. पण इंटरनेटचा श्रीगणेशा म्हणून तीच दोन अक्षरं सांगितली जातात.

आता दुसरा आक्षेप. या कहाणीत शाळेचं कर्तृत्व काय? शहर वाढलं, राजकारण झालं, तयार इमारतींवर दुसऱ्या विद्यापीठाची पाटी लागली. शाळा केवळ निमित्तमात्र. हे पारखायला इतिहासाने आपल्याला एक नामी तुलना दिली आहे: आईची आणि लेकीची. सॅन होजेची शाळा वयाने थोरली, तिची परंपरा मोठी. तिचीही वाढ झाली. १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॉर्मल स्कूलांचं नाव ‘टीचर्स कॉलेज’ झालं, लवकरच त्यांना पदवी देता येऊ लागली, १९३५ मध्ये नावातला ‘टीचर्स’ गळून नुसतं ‘स्टेट कॉलेज’ उरलं, आणि १९७० च्या दशकात सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटी हे नाव आलं. विषय वाढले, विद्यार्थी वाढले, आजूबाजूच्या फळबागा जाऊन सिलिकॉन व्हॅली झाली तिला अभियंते पुरवले गेले. म्हणजे शहराने किंवा राजकारणाने विशेष हात दिला नसतानाही शाळेचं अनेक विद्यांची संस्था होणं टळलं नाही. चिको, सॅन दिएगो, सॅन फ्रान्सिस्को इथल्या नॉर्मल स्कूलांचंही असंच झालं. शाळा निमित्तमात्र असती तर सगळ्यांची वाट एकाच दिशेने गेली नसती. पण लेक संशोधन विद्यापीठ झाली आणि आई झाली नाही, एवढा भाग मात्र बाहेरच्यांनी ठरवला. १९६० च्या राज्यव्यापी आराखड्याने त्यावर शिक्का मारला: कॅलिफोर्निया विद्यापीठाने हायस्कूलमधून वरचे एक अष्टमांश विद्यार्थी घ्यावेत, संशोधन करावं, डॉक्टरेट द्यावी, स्टेट कॉलेजांनी वरचे एक तृतीयांश घ्यावेत आणि पदव्युत्तर पातळीवर थांबावं. १९१९ मध्ये नियामक मंडळाने ज्या लेकीला ओटीत घेतलं ती वरच्या पायरीवर गेली आणि आई खालच्या पायरीवर राहिली. गुणांनी वाटणी झाली असती तर ती इतकी कापून काढल्यासारखी नसती.

तिसरा आक्षेप सर्वांत कडवट आहे: हा सगळा पाट्या बदलण्याचा खेळ आहे. शाळेचं कॉलेज, कॉलेजचं विद्यापीठ. पगार वाढतात, पदं वाढतात, प्राचार्यांचे कुलगुरू होतात, आणि आत तेच ते. अमेरिकेत अशा पाट्यांची रांगच लागली होती. इलिनॉय राज्याने १८५७ मध्ये काढलेल्या शाळेच्या नावात तर पहिल्यापासूनच ‘नॉर्मल’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ हे दोन्ही शब्द बसवले होते. १९६० च्या दशकात नावातलं ‘नॉर्मल’ गेलं, पण ती जिथे आहे त्या गावाचं नाव मात्र आजही नॉर्मल आहे. हाव, चढाओढ, मोठेपणाची हौस हे सगळं या इतिहासात आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पाटीबरोबर आत कोण आलं तेही मोजलं पाहिजे. अलाबामातल्या टस्कीगी इथे १८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी चालवायला घेतलेली शाळा कृष्णवर्णीय शिक्षक घडवण्यासाठी होती. ती विद्यापीठ झाली तेव्हा गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या पणतवंडांना विद्यापीठ मिळालं. टेक्सासमधल्या सॅन मार्कोसच्या टीचर्स कॉलेजात लिंडन जॉन्सन शिकले. शिकत असतानाच, कॉट्युला नावाच्या छोट्या गावात मेक्सिकन मजुरांच्या पोरांना त्यांनी वर्षभर शिकवलं. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९६५ मध्ये गरीब विद्यार्थ्यांना कॉलेजासाठी मदत देणाऱ्या उच्चशिक्षण कायद्यावर सही करायला ते मुद्दाम आपल्या त्या जुन्या कॉलेजात गेले. हार्वर्ड आणि येल तेव्हाही जागेवरच होती. पण कॉट्युलाच्या मजुराचं पोर कॉलेजात पोहोचणार असलं तर ते सॅन मार्कोससारख्या संस्थेतच पोहोचणार, हे तिथून निघालेल्या माणसाला ठाऊक होतं. पाट्या बदलल्या म्हणून त्यामागच्या बाकांवर कुणीच नवीन बसलं नाही, असं म्हणता येत नाही.

मग किंमत कुणी मोजली? इथे मात्र टीकाकारांच्या पारड्यात बरंच वजन आहे. यूसीएलएमध्ये ‘टीचर्स कॉलेज’ हे नाव १९३९ मध्ये मिटलं. शिक्षणशास्त्र हा अनेक विभागांपैकी एक विभाग झाला. ज्या घराची ती मालकीण होती तिथे तिच्या वाट्याला एक खोली आली. त्यातही संशोधन विद्यापीठात मान असतो तो लिहिलेल्या निबंधांना. सराववर्गाच्या मागच्या बाकावर बसून विद्यार्थिनीचा पाठ पाहणाऱ्या अध्यापकाच्या तासांची मोजदाद कुठल्या बढतीत होत नाही. रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत शाळांवर खापर फुटलं, आणि १९६१ च्या कायद्याने कॅलिफोर्नियाने ठरवलं की शिक्षक व्हायला शिक्षणशास्त्राची पदवी चालणार नाही, एखाद्या ज्ञानविषयाची हवी. विषय पक्का हवा हे खरंच. पण शंभर वर्षांपूर्वी अपूर्णांकाच्या पाठात गणित आणि मुलाचं मन हे दोन्ही एका जागी शिकले जात होते, त्यांची आता फाळणी झाली. विषय एका इमारतीत, शिकवणं दुसरीकडे, आणि पहिल्या इमारतीचा रुबाब मोठा. हा रुबाबाचा उतार कुठून आला हे ओळखणं कठीण नाही. मास्तरकी हा बायकांचा आणि कमी पगाराचा धंदा मानला गेला होता. संस्थेला मोठं व्हायचं होतं तर त्या धंद्यापासून दूर सरकावं लागेल, असं वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर कुणाला तरी वाटलं. लेकीने आपल्या वयातून ३७ वर्षं वगळली त्याचं उत्तर इथे आहे. आईकडे मात्र वेगळं घडलं. कॅलिफोर्नियाच्या शाळांना सर्वांत जास्त शिक्षक आजही स्टेट युनिव्हर्सिट्याच पुरवतात. आणि २००५ मध्ये डॉक्टरेट स्वतंत्रपणे देण्याचा अधिकार त्यांना पहिल्यांदा मिळाला तेव्हा तो ना भौतिकशास्त्रात मिळाला, ना इतिहासात. तो मिळाला शिक्षणशास्त्रात.

आपल्याकडे हा इतिहास उगाच वाचायचा नाही. महाराष्ट्रात विद्यापीठ आणि प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण यांच्या वाटा १८५७ पासूनच वेगळ्या राहिल्या. प्राथमिक शिक्षक सातवीची ‘फायनल’ देऊन ट्रेनिंग कॉलेजात गेला, पुढे पी.टी.सी., मग डी.एड.; विद्यापीठाने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आता ठरवलं आहे की शिक्षकांचं शिक्षण बहुविद्याशाखीय महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत आणायचं, २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता करायची. विषय आणि शिकवणं यांची फाळणी मिटवण्याचा हा मार्ग आहे आणि कॅलिफोर्नियाचा अनुभव पाहता त्यात एक धोकाही आहे: विद्यापीठाच्या वाड्यात अध्यापन विभागाला मागची खोली मिळण्याचा. तो टाळायचा तर सरावशाळा, टाचणं, मागच्या बाकावरचा निरीक्षक यांना निबंधांइतकी किंमत द्यावी लागेल. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं शिक्षण घेतल्याचं त्यांच्या चरित्रांत येतं. १९४९ मध्ये निघालेल्या पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. नॉर्मल स्कूलमधून तयार झालेल्या एका शिक्षिकेचं नाव आज विद्यापीठाच्या कमानीवर आहे. ते फक्त कमानीपुरतं राहू नये.

यूसीएलएच्या वयाचा वाद कागदावर सुटणार नाही, पण आवारात एक साक्षीदार आहे. १८८२ मध्ये नॉर्मल स्कूलबरोबर जी सरावशाळा निघाली ती शाळेच्या मागोमाग टेकडीवरून व्हर्मांट अ‍ॅव्हेन्यूला आणि तिथून वेस्टवुडला गेली. नाव बदलून ती अजून चालू आहे. पाहुण्यांना दाखवतात तो विटांचा भव्य रॉइस हॉल १९२९ चा. त्याच आवारात रोज सकाळी लहान मुलं ज्या शाळेत येऊन बसतात, ती त्याच्याहून ४७ वर्षांनी मोठी आहे.